पुणें कोणाचें आणि मुंबई कोणाची?

गेल्या लग्नसराईंत एका मांडवांत आम्ही पंगतीची वाट पाहत बसलों होतों. शेजारीं दोन व्याही बसले होते. एक मुंबईस गिरणींत साचे चालवून म्हातारे झालेले. दुसरे हवेली तालुक्यांतले, मेथी-कोथिंबीर पुण्याच्या मार्केट यार्डांत घालणारे. पत्रावळी मांडून होईपर्यंत दोघांची चांगलीच जुंपली.

मुंबईकर म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचं पुणं म्हंजे पेशव्यांचं गाव. तिथं गरिबाला कोण इचारतो? आमची मुंबई कष्टकऱ्याची. लाल बावटा आमी नाचवलाय."

पुणेकर ऐकून घेणारे नव्हते. "नाचवलात खरा, पाव्हणं. पन त्यो गेला कुठं? गिरन्या गेल्या कुठं? जोतीबा आमच्या पुण्यात झालं, पोरींची शाळा आमच्या पुण्यात निघाली. तुमच्या मुंबईत शेटजीबिगर दुसरं हाय काय?"

जिलबी पानावर आली तेव्हां वाद थांबला. मिटला मात्र नाहीं.

असला वाद आमच्या वाचकांपैकीं कोणी ऐकला नसेल असें नाहीं. कुणब्याचें घर घ्या, माळ्याचें घ्या, सुताराचें, लोहाराचें, कुंभाराचें घ्या. एक मुलगा मुंबईस नोकरीला, नाहीं तर एक लेक पुण्यास दिलेली, असेंच आढळेल. मत देण्याचा दिवस आला कीं शहरांतलीं माणसें गांवाकडे येऊन आपापल्या शहराची फुशारकी मारतात. विद्वान मंडळीही तेंच जरा भारी भाषेंत लिहितात: पुणें सनातनी, मुंबई पुरोगामी, पुण्याचा कल पगडीकडे, मुंबईचा कामगाराच्या टोपीकडे. आणि आमचीं कांहीं चळवळींतलीं माणसेंसुद्धां हें मान डोलावून ऐकतात. त्यांस पुण्याचें नांव काढलें कीं राग येतो, मुंबईचें काढलें कीं उमाळा येतो.

आम्ही स्पष्ट सांगतों कीं, दोघेही व्याही चुकले, आणि विद्वान त्यांहून जास्त चुकले. शहराचा कल तेथल्या मातींतून उगवत नसतो. छापखाना कोणाच्या हातीं, पैसा कोणाच्या हातीं, तालीम आणि चाळ कोणाच्या हातीं, आणि कष्टकरी एकजुटीनें उभा आहे कीं एकटा पडला आहे, ह्यावरून तो ठरतो. एकजूट मोडली कीं कलही फिरतो. दुसरी गोष्ट ह्याहून कडू आहे. आपल्या शिवारांतून पाहिलें तर ह्या दोन शहरांचा एक कल आजवर कोणत्याही निवडणुकींत बदललेला नाहीं, आणि त्याबद्दल कोणी विद्वान चार ओळी लिहीत नाहीं. तो कोणता, तें पुढें सांगूं.

आधीं पुणें. हें शहर भिक्षुकशाहीचें माहेर खरें, पण तिच्याशीं पहिली मोठी लढाई झाली तीही तेथेंच. जोतीरावांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली ती पुण्यांत. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापन केला तो पुण्यांत. नगरपालिकेंत ते सरकारनियुक्त सभासद होते, तरी १८८० सालीं लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून रोषणाईला हजार रुपये उधळण्याचा ठराव आला तेव्हां बत्तीस सभासदांत विरोध करणारे एकटे तेच निघाले. पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असें त्यांचें म्हणणें. त्या एकट्या हाताकडे पाहून पुण्याचा कल काय ठरवाल? आणि त्या एकतीस हातांकडे पाहून तरी काय ठरवाल?

आतां गंमत पाहा. सत्यशोधकांच्या मताचा प्रसार करणारें 'दीनबंधु' पत्र कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यांत काढलें. पुण्यांत तें तगेना, तेव्हां १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं तें मुंबईस नेऊन उभें केलें. जोतीरावांस 'महात्मा' ही पदवी मिळाली तीही पुण्यांत नव्हे. ११ मे १८८८ रोजीं मुंबईस मांडवीच्या कोळीवाड्यांत मिळाली. समाजाच्या कामास पैशाचें पाठबळ देणाऱ्यांत मुंबईचे तेलुगू कामाठी ठेकेदार होते. म्हणजे बी पुण्याचें आणि पाणी मुंबईचें! ज्यांस दोन शहरांचें भांडण लावावयाचें आहे त्यांनीं हा इतिहास कोणत्या कप्प्यांत घालावा तें त्यांचें त्यांनीं पाहावें.

पुढें १९२५ सालीं पुणें नगरपालिकेंत केशवराव जेध्यांनीं जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव आणला. लोकमान्यांचा पुतळा आदल्याच वर्षीं बसला होता. जोतीरावांचा ठराव मात्र फेटाळला गेला. ह्या रणांतूनच दिनकरराव जवळकरांचें 'देशाचे दुश्मन' निघालें, त्यावर खटला झाला आणि आरोपींच्या बाजूनें डॉक्टर आंबेडकर उभे राहिले. तें सारें आमच्या जुन्या वाचकांच्या घरीं आजोबा-पणजोबांपासून सांगितलें जात असेल. पण जें सांगितलें जात नाहीं तें असें कीं, रे मार्केटला 'महात्मा फुले मंडई' हें नांव पुढें ह्याच पुण्यांत मिळालें, आणि तें देण्यांत पुढाकार होता आचार्य अत्र्यांचा, जे जन्मानें ब्राह्मण. आम्ही जातीवरून माणूस तोलणारे नव्हे. तोलणाऱ्यांशींच तर आमचें भांडण. दहापंधरा वर्षांत त्याच नगरपालिकेंत वारें फिरलें, कारण मधल्या काळांत पेठापेठांतून तालमी, मेळे, वसतिगृहें उभीं राहिलीं होतीं आणि जेधे-गाडगीळ जोडीनें काँग्रेसमध्यें बहुजनांस जागा करून घेतली होती. त्या जागेचें पुढें काय झालें हें निराळें दुखणें आहे. शेतकरी कामगार पक्ष काढून जे बाहेर पडले त्यांतले कित्येक पुन्हां काँग्रेसच्या ओसरीवर जाऊन बसले.

आतां मुंबई. हिच्याबद्दल आमच्या मनांत जिव्हाळा आहे, कारण आमचीं माणसें तिथें घामाघूम झालीं. लोखंड्यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. १० जून १८९० रोजीं रविवारची सुट्टी ठरली ती त्यांच्या खटपटीनें. आज शहरांतला बाबू रविवारीं दहा वाजेपर्यंत लोळतो, त्याच्या अंगावरच्या पांघरुणास एका माळ्याच्या मुलाचा घाम लागलेला आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या कायद्याविरुद्ध डॉक्टर आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका मैदानांत उभे राहिले, तीही मुंबईच.

पण हीच मुंबई १९५२ सालीं काय करून बसली? राज्यघटनेचा मसुदा घडवणारा माणूस उत्तर मुंबईंतून लोकसभेस उभा राहिला, आणि मुंबईनें त्यास पाडलें! व्याहीबुवा, ही तुमची कष्टकऱ्यांची मुंबई. त्या वेळीं लाल बावटा आणि निळा बावटा ह्यांचें जमलें नव्हतें, त्याचें हें फळ. पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत सगळे एक झाले तेव्हां १९५७ सालीं मुंबईनें डांग्यांस निवडून दिलें, आणि त्याच वर्षीं पुण्यानें काँग्रेसला बाजूस सारून नानासाहेब गोऱ्यांस दिलें. दोन्ही शहरें त्या दिवशीं एका बाजूस होतीं! १९६७ सालीं मुंबईंत जॉर्ज फर्नांडिसांनीं स. का. पाटलांसारखा मोहरा पाडला, आणि पुण्यांतून एस. एम. जोशी निवडून आले. मग पुण्याचा कल कसला आणि मुंबईचा कसला?

मुंबईचा कल कसा फिरला तेंही पाहा. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा जून १९७० मध्यें खून झाला. त्यांच्या जागेच्या पोटनिवडणुकींत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, आणि जिंकले शिवसेनेचे वामनराव महाडिक. त्याच चाळी, तेच साचेवाले, तीच भाकर. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनीं कामगाराच्या पगाराची भाषा केली, पण त्याच्या मुलाला नोकरी मिळेना तेव्हां त्याच्या मनाला हात घालणारी भाषा दुसऱ्या कोणीं केली. ती भाषा शेजारच्या गरिबाविरुद्ध होती, गिरणीमालकाविरुद्ध नव्हती, हें कामगारास फार उशिरां कळलें. मग १८ जानेवारी १९८२ चा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधीं रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो तसाच उपासमारींत विरून गेला. दत्ता सामंतांस मुंबईनें १९८४ सालीं लोकसभेस पाठवलें, आणि लगेच १९८५ सालीं महापालिका शिवसेनेच्या हातीं दिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें ह्याच शहरांत गरिबानें गरिबाचीं घरें जाळलीं; श्रीकृष्ण आयोगानें मेलेल्यांचा आंकडा नऊशें दिला आहे. पुरोगामी मुंबई म्हणून आमच्यापुढें मिरवणाऱ्यांनीं हा आंकडा पाठ करावा.

अलीकडचें पाहायचें तर पुण्यानें १९९१ सालीं भारतीय जनता पक्षाचा खासदार पहिल्यानें दिला. २००४ आणि २००९ सालीं काँग्रेसचा दिला. २०१४ च्या विधानसभेंत शहरांतल्या आठच्या आठ जागा भाजपास दिल्या. ज्या कसब्याच्या पेठा १९९५ पासून त्या पक्षाच्या हातीं होत्या, त्यांनीं मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकींत काँग्रेसचा माणूस निवडला, आणि दीड वर्षानें पुन्हां पाठ फिरवली. मुंबईनें २०२४ च्या मे महिन्यांत लोकसभेच्या सहांपैकीं चार जागा महाविकास आघाडीस दिल्या, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत विधानसभेच्या छत्तिसांपैकीं बावीस महायुतीस. बैल जसा माशी बसेल त्या बाजूस शेपूट फिरवतो, तसें हें आहे. ह्याला जो 'शहराचा स्वभाव' म्हणतो त्यानें बैल नीट पाहिलेला नाहीं.

आतां ती दुसरी गोष्ट, जी सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली.

मुळशी पेट्याचें नांव ऐकलें असेल. मुळा आणि नीळा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत, मावळांत, भाताचीं खाचरें होतीं. मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे म्हणून टाटा कंपनीनें तेथें धरण बांधायचें ठरविलें. पन्नासाच्या आसपास गांवांवर गंडांतर आलें. १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभला. सेनापति बापट त्यांत होते. जन्मानें ब्राह्मण, पण मावळ्यांसाठीं तुरुंगांत जाणारा माणूस, त्यास आम्ही हात जोडतों. पण जमिनीच्या कागदावर नांवें कोणाचीं होतीं? त्यांत पुण्याचे सावकार पुष्कळ. मोबदल्याची रक्कम नजरेंत आली तसा त्यांचा लढा ओसरला. कसणारा कुळवाडी मात्र चिखलांत उभा राहिला. खाचरें बुडालीं. आणि बुडालेल्या खाचरांचीं पोरें पोट भरण्यास कोठें गेलीं? बरींचशीं मुंबईच्या गिरण्यांत! आपल्याच बापाच्या शेतावरून वाहणाऱ्या पाण्याच्या विजेवर साचा फिरायचा आणि पोरगा त्याच्यापुढें बारा बारा तास उभा.

पुढचें नीट ऐका. मुळशीचें तें पाणी आपल्या वाटेनें गेलें असतें तर मुळेंतून भीमेंत, भीमेंतून उजनीकडे, दौंड-इंदापूर-सोलापूरच्या कोरडवाहू माणसाकडे गेलें असतें. तें घाटाखालीं भिऱ्याच्या वीजघरांत पश्चिमेकडे पाडलें जातें. गिरण्या बंद पडल्या, भोंगा थांबला, चाळींच्या जागीं काचेचे मनोरे उभे राहिले. पाणी मात्र अजूनही पश्चिमेसच पडतें. काँग्रेस आली, गेली, शिवसेना आली, भाजप आला, पाण्याची दिशा कोणीं बदलली?

पुण्याचें वेगळें नाहीं. खडकवासला, पानशेत, वरसगांव, टेमघर ह्या धरणांचें पाणी शहर आधीं पितें, आणि कालव्याच्या शेवटास असलेल्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यास उन्हाळ्यांत आवर्तनासाठीं हात पसरावे लागतात. मुंबईस तानसा, वैतरणा, भातसा पाणी पाजतात. त्या धरणांच्या शेजारच्या शहापूर तालुक्यांत आमच्या आदिवासी भगिनी चैत्र-वैशाखांत हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. नळ आमच्या डोंगरांतून जातो, पण आमच्या अंगणांतून जात नाहीं. ही एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यांत सनातनी पुणें आणि पुरोगामी मुंबई ह्यांचें एकमत आहे, आणि त्यासाठीं कोणत्याही पक्षास जाहीरनामा काढावा लागत नाहीं. आम्ही ज्या एका कलाबद्दल वर बोललों तो हाच.

९ ऑगस्ट २०११ हा दिवस मावळ विसरलेला नाहीं. पवना धरणांतून पिंपरी-चिंचवडकडे बंद नळानें पाणी नेण्याचें ठरलें, तेव्हां शेतकरी बऊर गांवाजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. तिघेजण मेले, त्यांत एक बाई होती. कोठें मेले? मुंबई आणि पुणें ह्यांस जोडणाऱ्या रस्त्यावर. एका शहराकडे जाणाऱ्या मोटारी आणि दुसऱ्याकडे जाणाऱ्या मोटारी, दोन्ही तासनतास खोळंबल्या होत्या. राज्य तेव्हां शेतकऱ्यांचीं नांवें घेणाऱ्या, बहुजनांच्या घरांत जन्मलेल्या पुढाऱ्यांचें होतें. आमच्या जातीचा मंत्री झाला कीं आमचें भलें झालें असें मानणाऱ्यांनीं ह्या रस्त्यावर एकदां उभें राहून विचार करावा.

जमिनीची कथा तशीच. मुंबईच्या गिरण्यांची जमीन १९९१ च्या नियमाप्रमाणें तीन वाटे व्हायची होती: एक महापालिकेस मैदानांसाठीं, एक घरबांधणी मंडळास, उरलेली मालकास. २००१ सालीं नियम असा बदलला कीं वाटणी फक्त मोकळ्या जागेची, इमारतीखालची जागा मालकाची. मैदान आणि घरें ह्यांचा वाटा चिमटीएवढा राहिला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही त्यावर शिक्कामोर्तब केलें. कामगार त्या वेळीं विखुरलेला होता. कोणाचा मुलगा रिक्षा चालवीत होता, कोणाचा नाक्यावर उभा होता. ह्याच्या उलट पुण्याच्या पूर्वेस हडपसरला मगरपट्ट्यांत सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली चारशेंहून जास्त एकर जमीन बिल्डरास न विकतां एकत्र केली, स्वतःचीच कंपनी काढली आणि वसाहत उभारली. मालकी घरांत राहिली. आम्ही तिची आरती करीत नाहीं. ज्यास जमीनच नव्हती त्या शेतमजुराच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न राहतोच. पण सनातनी म्हणतां त्या पुण्याच्या वेशीवर शेतकरी एकत्र आला म्हणून टिकला, आणि पुरोगामी म्हणतां त्या मुंबईच्या पोटांत कामगार फुटला म्हणून बुडाला. ह्यांत शहराचा गुण कोठें आला?

आतां मंडई. दोन्ही शहरांच्या जुन्या मंडईस जोतीरावांचें नांव आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला आहे आणि पुण्याच्या रे मार्केटलाही आहे. हसावें कीं रडावें तें कळत नाहीं, कारण पुण्याची मंडई बांधण्याच्या खर्चास जोतीरावांनीं नगरपालिकेंत विरोधच केला होता. तो पैसा शिक्षणास लावा म्हणाले होते. नांव देणें स्वस्त असतें. पुण्याच्या विद्यापीठास २०१४ सालीं सावित्रीबाईंचें नांव दिलें, आम्हांस आनंदच झाला. पण शेतमजुराच्या मुलीस तेथली फी परवडते कीं नाहीं हें पाटी पाहून कळत नाहीं.

घाऊक व्यापार आतां त्या जुन्या मंडयांत राहिलेला नाहीं. पुण्याचा गुलटेकडीस गेला, मुंबईचा १९९६ सालीं वाशीस गेला. जागा बदलली. पहांटे तीन वाजतां टेम्पो घेऊन उभा राहणारा आमचा शेतकरी आणि दराचा आंकडा बोलणारा आडत्या, ह्यांच्यामधली उंची तेवढीच राहिली. २०१६ सालीं सरकारनें ठरविलें कीं भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी. नियम चांगला. पण भगिनींनो, तुमचा धनी बाजारांतून परत आला कीं त्याच्या खिशांतली पट्टी एकदां वाचून पाहा. हमाली, तोलाई, आणखी कांहीं अक्षरें; कशाचे किती कापले हें त्यास विचारा. बहुधा त्यास सांगतां येणार नाहीं, आणि हेंच त्या व्यापाराचें भांडवल आहे.

ह्या दोन्ही बाजारांत पाठीवर पोतें घेणारा हमाल तेवढा शहाणा निघाला. पुण्यांत डॉक्टर बाबा आढावांनीं हमाल पंचायत उभी केली. मुंबईंत अण्णासाहेब पाटलांनीं माथाडी एकत्र केले. त्या जोरावर १९६९ सालीं माथाडी कायदा झाला, आणि ज्याची कोठें नोंद नव्हती त्या माणसास मंडळ, मजुरीचा दर, पुढच्या आयुष्याची तरतूद मिळाली. पुण्याच्या हमालाची पगडी निराळी आणि मुंबईच्या माथाड्याची टोपी निराळी, असें कोणीं म्हटलें नाहीं. हमाल ज्याचें पोतें उचलतो त्या शेतकऱ्यास मात्र हें अजून साधलेलें नाहीं. हमालाचा दर कागदावर बांधलेला आहे. त्याच्या पाठीवरच्या कोथिंबिरीचा दर पहांटे ठरतो आणि नऊ वाजतां पडतो.

कोणी म्हणेल, मग शहरांत कोणीही निवडून आला तरी तुम्हांस सारखेंच काय? तसें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं डॉक्टर दाभोळकरांस पुण्यांत ज्या पुलावर गोळ्या घातल्या त्या पुलास महर्षि विठ्ठल रामजी शिंद्यांचें नांव आहे. शहरांत कोणाचें मन कोणीं भरवलें आहे ह्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. आणि मार्च २०१८ मध्यें नाशिकाहून चालत आलेले शेतकरी व आदिवासी मुंबईंत शिरले, तेव्हां दहावीच्या मुलांच्या परीक्षेस अडथळा नको म्हणून ते रात्रींच चालून आझाद मैदानावर पोंचले; त्या रात्रीं रस्त्यावर उभें राहून मुंबईच्या लोकांनीं त्यांस पाणी, खाणें, पायांत घालण्यास चपला दिल्या. त्या लोकांत सर्व पक्षांचे मतदार असतील. शहराला मन असतें. त्याला हाक मारणारा पाहिजे. ती हाक आपण पायांतून रक्त आल्यावरच मारतों, हें आपलें चुकतें.

म्हणून आमची मागणी शहरांत राहणाऱ्या आपल्याच माणसांकडे आहे. कोथरूडांत पोळ्या लाटणारी आमची बहीण, धारावींत चाकावर बसणारा आमचा कुंभार, हडपसरचा भाजीवाला, काळाचौकीचा जुना गिरणीवाला, ह्या सर्वांस शहरांत मत आहे आणि गांवांत जमीन नाहीं तर नातें आहे. महापालिकेचा उमेदवार दाराशीं आला कीं गटार आणि दिवा ह्यांबरोबर त्यास विचारावें: बाबा, हें नळाचें पाणी कोणत्या तालुक्यांतून येतें, आणि त्या तालुक्यास तुमची पालिका काय देते? बाजार समितीच्या पट्टीवरचा प्रत्येक आंकडा भिंतीवर लावण्यास तुमचा पक्ष तयार आहे काय? ज्यास उत्तर येत नाहीं त्यास सांगावें कीं, शिकून ये, आम्ही थांबतों. तो पुण्याचा असो कीं मुंबईचा, पगडीचा असो कीं टोपीचा.

आणि त्या लग्नांतल्या दोन व्याह्यांचें? दुसऱ्या दिवशीं सकाळीं एस. टी. ची वाट पाहत दोघे एकाच कट्ट्यावर बसलेले आम्हांस दिसले. पुणेकरांनीं बंडीच्या खिशांतून चुरगळलेली पट्टी काढली होती. मुंबईकर चष्मा पुसून ती वाचीत होते. गिरणींत पगाराची चिठ्ठी वाचायची त्यांस संवय. एका ओळीवर त्यांचें बोट थांबलें.

"हे पैसं कशाचं कापलं, व्याहीबुवा?"

"तेच तर वीस वर्सं इचारतोय, पाव्हणं."

"इचारतो म्हंजे? एकटाच?"

गाडी आली, पण दोघेही उठले नाहींत.